ब्रेक दाबला की गाडी का थरथरते?

भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे गाव लागते. भोवती सगळा धानाचा मुलूख. अशा गावात पिकअप गाडीला उसंत नसते. कधी खताची पोती, कधी भाजीपाला, कधी धान. समजा, अशाच एका पंधरा वर्षे जुन्या पिकअपच्या चालकाची तक्रार आहे : "एरवी गाडी छान चालते. पण साठाच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरते आणि पेडल पायाखाली धडधडते."

आता सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एक म्हणतो, पॅड बदला. दुसरा म्हणतो, डिस्क वाकली, नवी टाका. तिसऱ्याच्या मते दोष टायरचा. तिघांचेही ऐकले तर खिसा रिकामा होईल आणि कदाचित थरथर तशीच राहील. दोष शोधण्याची शास्त्रीय रीत निराळी आहे. ती समजण्यासाठी आधी ब्रेक काय करतो ते पाहू या.

थांबणे म्हणजे तापणे

मालासह २,५०० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जात आहे असे धरा. तिची गतिज ऊर्जा किती? शाळेतले सूत्र आठवा : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे ३ लाख ५० हजार जूल. एक लीटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत तापवायला सुमारे २ लाख ९३ हजार जूल लागतात. म्हणजे गाडी एकदा थांबवली की पातेलेभर पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते. तीही काही सेकंदांत, आणि बरीचशी ब्रेकच्या लोखंडात!

पिकअपच्या पुढच्या चाकांना बहुधा डिस्क ब्रेक असतो. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी दोन बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतो. फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला लायनर लावलेले दोन बूट दाबले जातात. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले. पण मोटारींत तो खऱ्या अर्थाने रुळायला पुढे पन्नासेक वर्षे लागली.

पेडलचा दाब पॅडपर्यंत नेतो तो ब्रेक ऑइल. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहात. हा मार्ग उलटही चालतो, हे लक्षात घ्या. तबकडीचा एखादा भाग जाड असेल, तर तो भाग पॅडमधून जाताना पॅडला मागे ढकलतो, पॅड दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या तेलाला आणि तेल पेडलला. पायाला धडधड जाणवते ती अशी.

तबकडी खरेच वाकते का?

"डिस्क तापून वाकली" असे सर्रास म्हटले जाते. पुष्कळदा खरे कारण वाकणे नसते. तबकडीची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, हे ते कारण. आणि हा फरक केवढा? ०.०२ मिलीमीटरही थरथर निर्माण करू शकतो. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलीमीटर जाड असतो. त्याच्या पाचव्या हिश्शाने गाडी हादरते!

एवढा फरक येतो कोठून? तबकडी ज्या हबवर बसते, तेथे गंजाचा एक पापुद्रा अडकला आहे असे समजा. त्याची जाडी ०.०५ मिलीमीटर आहे. बैठकीचा व्यास १४ सेंटीमीटर आणि तबकडीचा २८ सेंटीमीटर. समरूप त्रिकोणांच्या नियमाने बैठकीच्या कडेचा ०.०५ मिलीमीटरचा कल तबकडीच्या कडेला दुप्पट होतो. म्हणजे ती दर फेऱ्याला ०.१ मिलीमीटर इकडून तिकडे डुलू लागते.

डुलणारी तबकडी पहिल्या दिवशी फारसा त्रास देत नाही, कारण कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून तिच्याबरोबर हलतो. पण ब्रेक दाबलेला नसतानाही तिची तीच जागा पॅडला घासत राहते. हजारो किलोमीटरनंतर तेवढी जागा झिजून पातळ होते, आणि मग थरथर सुरू होते. कॅलिपरच्या पिना चिखलाने किंवा गंजाने अडकल्या असतील, तर हे आणखी लवकर घडते.

दुसरीही वाट आहे. खूप तापलेला ब्रेक दाबून गाडी तशीच उभी ठेवली, तर पॅडचा थर एका जागी चिकटू शकतो. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर पॅडखालच्या जागेचा गंज आणि उघड्या जागेचा गंज सारखा नसतो. तेथे पॅडच्या आकाराचा डाग उमटतो.

एकेक संशयित बाद करू या

आता तपासाकडे वळू. या चाचण्या परवानाधारक, अनुभवी माणसाने मोकळ्या व सपाट रस्त्यावरच करायच्या. तुमचे काम निरीक्षणातून अनुमान काढण्याचे.

पहिला प्रश्न : ब्रेक न दाबता त्याच वेगात गाडी थरथरते का? थरथरत असेल, तर चाकाचे बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगवटा यांवर संशय घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथरत असेल, तर संशय ब्रेककडे वळतो.

दुसरा प्रश्न : थरथर कोठे जाणवते? स्टिअरिंगला जाणवली तर पुढची चाके, आसनाला व फळीला जाणवली तर मागची. हा नुसता सुगावा आहे, पुरावा नव्हे.

तिसरा प्रश्न : हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल, तर अगदी कमी वेगात, बटण दाबून धरून, तो हलकेच ओढला की काय होते? थरथर आली तर मागचे ड्रम दोषी. आली नाही, तर पुढच्या तबकड्यांवरचा संशय दाट होतो.

चौथा प्रश्न गणिताचा आहे. टायरचा परीघ २.२ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सव्वा फेरा घेते. एवढ्या मंद गतीत पेडलचे ठोके मोजता येतात. फेऱ्याला एक ठोका म्हणजे एकच उंच जागा, किंवा केंद्रापासून सरकलेला ड्रम. फेऱ्याला दोन ठोके म्हणजे ड्रम लंबगोल झाला असण्याची शक्यता, कारण लंबवर्तुळाला दोन अरुंद बाजू असतात.

थरथर एका ठराविक वेगातच का वाढते, तेही यातूनच उलगडते. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे ७.६ फेरे घेते, ८० ला सुमारे १० फेरे. चाके, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगच्या जोडण्या यांची स्वतःची एक वारंवारता असते. ठोके तिच्याशी जुळले की झोपाळ्याला योग्य क्षणी धक्के दिल्याप्रमाणे कंप वाढतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. झिजलेले बुश व सैल बॉल जॉइंट दोष निर्माण करीत नसले, तरी लहान थरथर मोठी करून दाखवतात. म्हणून तेही तपासायचे.

शेवटी मोजमाप

अंदाज बांधून झाला की चाक उतरवून मोजायचे. डायल गेजचे टोक तबकडीला टेकवून ती सावकाश फिरवली की ती किती डुलते ते कळते. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली की फरक कळतो. व्हील बेअरिंग सैल असेल तर डायल गेजचा आकडा फसवा येतो, म्हणून आधी तेही पाहायचे.

तबकडी तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जाड असेल, तर लेथवर साफ करून घेता येते. नसेल तर बदलावी लागते, आणि तीही एकाच आसाच्या दोन्ही चाकांची मिळून. पण हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला नाही, तर नवी तबकडीही डुलू लागेल आणि काही हजार किलोमीटरनंतर तीच तक्रार परत येईल. चाकाचे नटही समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, सारख्या ताकदीने आवळायचे असतात. एक नट फार घट्ट आणि दुसरा ढिला राहिला, तर त्या ताणानेही तबकडी तिरपी बसू शकते.

हे करून पाहा

तुमची सायकल उलटी उभी करा. चिमट्याच्या एका बाजूला खडू घट्ट बांधा. त्याचे टोक रिमच्या कडेपासून एखादा मिलीमीटर दूर ठेवा. चाक हाताने सावकाश फिरवा आणि खडू हळूहळू आत सरकवा. खडूची खूण सबंध कडेवर उमटली, तर चाक सरळ आहे. एकाच जागी उमटली, तर चाक तेथे 'आउट' आहे. आता खडू व रिम यांच्यातल्या सर्वांत मोठ्या फटीत वहीचे कागद एकेक करून सरकवा. जितके कागद मावतील, त्यांना ०.१ ने गुणा. चाक किती मिलीमीटर डुलते, ते तुम्हाला मिळाले! शिक्षकांना वर्गातल्या दहा सायकली अशा मोजून त्यांचा तक्ता करता येईल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ब्रेक दाबताच थरथरणारी गाडी "चालते आहे ना" म्हणून चालवीत राहणे धोक्याचे आहे. कारण सैल झालेले चाकाचे नट किंवा झिजलेला बॉल जॉइंटही आधी थरथरूनच इशारा देतात. घरच्या गाडीची अशी तक्रार कानावर आली, तर माल भरण्याआधी तपासणी करवून घ्या. आणि मेकॅनिककाकांना नुसते "ब्रेक बघा" असे सांगू नका. किती वेगात, कोठे, ब्रेक दाबल्यावर की न दाबता, आणि फेऱ्याला किती ठोके, हे सांगा. त्यांचे निम्मे काम तेथेच होईल.