आळशी नाही, स्नायू थकलेत

मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो? जिना चढताना मागे पडतो, पोटऱ्या मात्र जाड दिसतात? मग आळशी म्हणून त्याला रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. उठण्याच्या या पद्धतीला ‘गॉवर्स साइन’ म्हणतात. ही ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची खूण असू शकते. हा आनुवंशिक आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो.

रक्तातलं सीके वाढलेलं असेल तर जनुकीय तपासणीने निदान पक्कं होतं. त्यानंतर ताकद वेळोवेळी मोजावी लागते. फिजिओथेरपिस्ट हाताने विरोध करून स्नायूंना ० ते ५ गुण देतात. चालू शकणाऱ्या मुलांच्या ‘नॉर्थ स्टार’ चाचणीत उभं राहणं, उडी मारणं, पायरी चढणं अशा १७ कृती असतात. प्रत्येकीला जास्तीत जास्त २, म्हणजे एकूण ३४ गुण. ६ मिनिटांत मूल किती अंतर चालतं, हेही पाहतात.

लहानपणी वाढीच्या जोरावर गुण काही काळ वाढतातही. म्हणून एका आकड्याने हुरळून जाऊ नका, खचूही नका. दर भेटीचे आकडे वहीत लिहून ठेवा. स्टेरॉइड, व्यायाम, पायांचे स्प्लिंट यांचे निर्णय घेताना डॉक्टरांना ते उपयोगी पडतात. चालणं थांबलं तरी मोजणं थांबत नाही. तेव्हा हातांची ताकद आणि श्वास तपासतात.

दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद मेडिकल कॉलेज ही दुर्मीळ आजारांची सरकारमान्य उत्कृष्टता केंद्रं आहेत. आणि घरी? तिथे परीक्षा नको. तिथे त्याला फक्त खेळू द्या.