आकाशनिरीक्षण व रेखाटन, खानदेशातील
नुसत्या डोळ्यांनी वा दुर्बिणीतून दिसलेल्या खस्थ पदार्थांची हौशी निरीक्षकाने पेन्सिलीने केलेली सचित्र नोंद. खानदेशात ज्योतिषाध्ययनाची परंपरा जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चंगदेव याने स्थापिलेल्या मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा उल्लेख पाटण (ता. चाळीसगाव, जि. जळगाव) येथील शिलालेखात आहे. जळगाव व धुळे येथून ध्रुवतारा क्षितिजापासून सु. २१° उंचीवर दिसतो. अगस्त्य दक्षिणेस जास्तीत जास्त सु. १६° वर येतो. अंधारास डोळे सरावण्यास सु. अर्धा तास लागतो. म्हणून रेखाटन मंद तांबड्या प्रकाशात करतात. तारीख, वेळ व स्थळ यांची नोंद आवश्यक असते. पुस्तकातून माहीत असलेले, पण प्रत्यक्ष न दिसलेले तपशील रेखाटल्यास निरीक्षणाचे पुरावा म्हणून असलेले मूल्य नष्ट होते.