चिमुकल्या मुलींसाठी उसनी औषधं

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दुर्मीळ आजार दिन येतो आणि कोट्यवधींच्या इंजेक्शनांची चर्चा होते. मॅक्यून-अल्ब्राइट सिंड्रोमचं नाव मात्र तेव्हाही क्वचितच कानावर येतं.

गर्भधारणेनंतर लगेचच एखाद्या पेशीतलं जीएनएएस जनुक बिघडतं आणि तिच्यापासून बनलेल्या पेशींतच तो बिघाड उतरतो. आजार आईवडिलांकडून येत नाही, म्हणून कुणाच्या घराण्याला बोल लावू नये. काही हाडं कमकुवत होतात, त्वचेवर वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग दिसतात. मुलींचं अंडाशय मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता इस्ट्रोजेन बनवू लागतं. दोन-तीन वर्षांच्या मुलीलाही रक्तस्राव होऊ शकतो. उंची भराभर वाढते, पण हाडांची वाढ वेळेआधीच थांबते आणि मुलगी बुटकी राहते.

अकाली वयात येण्यावरचं नेहमीचं इंजेक्शन, ल्युप्रोलाइड, पिट्यूटरी ग्रंथीला आवरतं. इथे सुरुवातीला तिचा संबंधच नसतो, त्यामुळे ते लागू पडत नाही. मग डॉक्टर स्तनाच्या कर्करोगाच्या औषधांकडे वळले. टॅमॉक्सिफेनने रक्तस्राव घटला, पण गर्भाशयाचा आकार वाढल्याचं दिसलं. अ‍ॅनास्ट्रोझोल 28 मुलींना वर्षभर दिलं. 2008 मध्ये निष्कर्ष आला तो सपशेल निराशेचा. मला तोच फार मोलाचा वाटतो. फसलेला प्रयोग प्रसिद्ध झाला नसता, तर कित्येक मुलींना निरुपयोगी गोळ्या मिळत राहिल्या असत्या. त्याच गटातल्या लेट्रोझोलने 2007 मध्ये अवघ्या 9 मुलींच्या अभ्यासात आशा दाखवली होती, मात्र एका मुलीच्या अंडाशयातली गाठ फुटली. पुढे फुलव्हेस्ट्रंटचं दरमहा इंजेक्शन 30 मुलींना दिलं गेलं. रक्तस्रावाचे दिवस घटले, हाडांचं वय वाढण्याचा वेगही मंदावला.

यातल्या एकाही औषधाने मूळ बिघाड दुरुस्त होत नाही. मुली इतक्या थोड्या, की मोठी चाचणी उभी करणंच अवघड. कंपन्यांना त्यात नफा नाही, म्हणूनच अशा संशोधनाला सरकारी पैसा हवा, हे माझं ठाम मत आहे.

आईवडिलांना एकच विनंती: लहान मुलीला रक्तस्राव झाला तर लाजेपोटी लपवू नका. अंगावरचे डाग डॉक्टरांना दाखवा, बालरोगातल्या हार्मोनतज्ज्ञाला गाठा. आणि गाठ दिसली म्हणून कुणी अंडाशय काढायला सांगितलं, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. गाठी दुसऱ्या अंडाशयातही होऊ शकतात.