पोपट आणि पोळपाट



पोपटाच्या पायाकडे कधी नीट बघितलंय? चिमणी-कावळ्याच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. पोपटाची दोन पुढे, दोन मागे. (सुतारपक्ष्याचं आणि कोकिळेचंही तसंच.) हा पाय म्हणजे निसर्गाने बनवलेला पकडपाना आहे. फांदी धरायला, उलटं लटकायला, एका पायात दाणा धरून आरामात खायला एकदम झकास. पण तोच पाय गुळगुळीत टेबलावर ठेवा, की सगळं गणित बिघडतं. धरायला काही नाही, नखं सटकतात, आणि आपला झाडावरचा हिरो पहिल्या हिवाळ्यात पार्किंग लॉटमधल्या बर्फावरून चालणाऱ्या देशी माणसासारखा दिसायला लागतो.

आमच्याकडे वाटाणा आला तेव्हा अकरा आठवड्यांचा होता. जात ग्रीन-चीक्ड कॉन्यूर. मूळचा बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागातल्या जंगलातला. आपल्या राघूपेक्षा बराच लहान, वजन साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम. नर-मादी दिसायला सारखेच, डीएनए तपासल्याशिवाय कळत नाही. आम्ही 'तो' म्हणतो ते केवळ 'पोपट' हा शब्द पुल्लिंगी आहे म्हणून.

आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अरे, पोपट पाळणं बेकायदा आहे ना?" बरोबर आहे. भारतातले पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे वाड्यातल्या पिंजऱ्यातला मिठू हा आता आठवणीतच ठेवायचा प्रकार. इथे अमेरिकेत १९९२ मध्ये रानातून पकडलेले पक्षी आयात करण्यावर कडक बंधनं आली. वाटाणा इथेच एका ब्रीडरकडे जन्मलेला.

आता मुद्द्यावर येतो. घरी आल्यावर आठ दिवसांनी पहिल्या तपासणीला नेलं. ब्रीडरकडून निघताना ६८ ग्रॅम असलेला पक्षी क्लिनिकच्या काट्यावर ६२ भरला. तुमच्या-माझ्या वजनात सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण इथे ते जवळजवळ नऊ टक्के झाले. पिल्लू भरवणीवरून स्वतः खायला लागतं तेव्हा वजन थोडं उतरतंच. तरी पक्ष्यांच्या बाबतीत डॉक्टर मंडळी दहा टक्क्यांना धोक्याची रेषा मानतात, कारण पक्षी आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. त्यामुळे पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला पक्षी तुम्हाला दिसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. वजनाचा काटा मात्र आधी सांगतो. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. म्हणाल्या, रोज सकाळी वजन करा, आणि ६१ च्या खाली गेला तर त्याच दिवशी घेऊन या.

रोज वजन करायचं म्हणजे काट्यावर उभं राहायला हवं. काटा सपाट, काळ्या काचेचा. वाटाणा त्याच्याकडे बघून असा काही पळाला की पडद्याच्या दांडीवरून खाली यायलाच तयार नाही.

क्लिनिकमध्ये टॉवेलात गुंडाळून वजन करतात. तिथे ते ठीक आहे. पण घरी रोज सकाळी त्याला टॉवेलात पकडलं, तर आठवड्याभरात हा पक्षी माझा हात दिसला तरी किंचाळेल. आधीच खाणं कमी, त्यात रोजची भीती. वर दांडी बसवलेला तयार काटा मिळतो, आणि घाईत असाल तर खुशाल तो घ्या. पण सपाट जागा काही काट्यापुरती नसते. डॉक्टरांचं टेबल सपाट, प्रवासाच्या पेटीचा तळ सपाट, आंघोळीची थाळी सपाट. शिवाय पिंजऱ्यात सगळीकडे एकाच जाडीच्या गोल दांड्या असल्या तर तळव्याच्या त्याच जागेवर सतत दाब येऊन तिथे जखमा होऊ शकतात. अधूनमधून सपाट फळीवर बसणं पायांना विश्रांती देतं.

गंमत म्हणजे हे सगळे पोपट सपाट जागेवरच वाढतात. कॉन्यूरची पिल्लं झाडाच्या ढोलीत जन्मतात, आणि ब्रीडरकडे भुसा घातलेल्या टबात. भुसा अशासाठी की गुळगुळीत तळावर कोवळे पाय फाकतात आणि कायमचे वाकडे होऊ शकतात. पण पंख फुटून एकदा उंचावर बसायला लागले की खालची जमीन म्हणजे साप-मांजराचा मुलूख. त्यात जातीजातीत फरक आहे. बजरी आणि कॉकटील हे ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर जमिनीवरचं बी टिपणारे, त्यांना टेबलाचं एवढं वावडं नसतं. कॉन्यूर पडला झाडावरचा माणूस.

"ठेव टेबलावर, होईल सवय" असा सल्ला मला तीन जणांनी दिला. आपल्याकडे गावाला पोरांना विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात, त्यातलाच हा प्रकार. पोरगं निदान दोरी धरून वर येतं आणि चार शिव्या देतं. पक्षी काय करतो? आधी फडफडतो, मग गप्प होतो. लोकांना वाटतं सवय झाली. खरं म्हणजे त्याने फक्त 'इथे आपलं कुणी ऐकत नाही' एवढं ताडलेलं असतं. गप्प पक्षी आणि निवांत पक्षी यातला फरक बघायला शिकावा लागतो. घाबरलेल्याची पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताणलेली, वजन मागच्या बाजूला, केव्हाही उडायच्या तयारीत. निवांत असला की पिसं सैल, चोचीने पंख साफ करेल, अंग झटकेल. याच कारणासाठी आम्ही त्याचे पंख कापले नाहीत. ज्याला उडून जाता येतं त्याचा होकार खरा. आणि पंख कापलेलं पिल्लू टेबलावरून पडलं तर छातीच्या हाडावर आपटतं.

पद्धत नवीन काही नाही. अमेरिकेत बी. एफ. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी १९४० च्या दशकातच ती प्राण्यांवर वापरली. कॅरन प्रायर यांनी पुढे हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं, आणि त्यांचं १९८४ चं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आजही या विषयात आधी हातात दिलं जातं. तत्त्व इतकंच: हवी ती गोष्ट घडली त्याच क्षणी एक ठरलेला आवाज, आणि लगेच खाऊ. मोठी गोष्ट एकदम मागायची नाही, तिचे बारीक तुकडे करायचे. कोड लिहिणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. हजार ओळी लिहून मग कंपाइल करणाऱ्याचं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

सपाट जागा कोणती घ्यायची यावर मी बराच विचार केला. प्लॅस्टिकची पाटी सटकते, टॉवेलच्या धाग्यात नखं अडकतात, योगा मॅटचे हा तुकडे करून गिळेल. शेवटी बायकोने ओट्याखालून जुना पोळपाट काढून दिला. पुण्याहून आणलेला, मधून किंचित चिरलेला, म्हणून निवृत्त. यापेक्षा चांगली वस्तू बनवूनही मिळाली नसती. लाकूड बिनपॉलिशचं, त्यामुळे कुरतडलं तरी पोटात रंग-रोगण जायची भीती नाही. वर्षानुवर्षं लाटून पृष्ठभाग सपाट, पण नखं रुततील इतपत खरखरीत. आणि मुख्य म्हणजे पायांमुळे तो टेबलापासून वर असतो, म्हणजे त्याला कड आहे. पक्ष्याला सुरुवातीला कडेवर बोटं वळवून बसता येतं.

पहिले दोन दिवस पोळपाट नुसता खोलीत होता, पिंजऱ्यापासून आठेक फुटांवर. वाटाणा निवांत खातोय असं दिसलं की मी तो वीतभर पुढे सरकवायचो. मान ताणली की थोडा मागे. तिसऱ्या दिवशी त्याची रोजची ओळखीची फांदी दोरीने पोळपाटावर आडवी बांधली. म्हणजे त्याच्या दृष्टीने तो फांदीवरच बसलाय, फक्त फांदी वेगळ्या जागी आहे. जेवायची चॉपस्टिक हा आमचा दर्शक: तिच्या टोकाला चोच लावली की 'टक्' आणि राळ्याचे दोन दाणे. चॉपस्टिक जिकडे, वाटाणा तिकडे.

पाचव्या दिवशी फांदीसकट पोळपाट काट्यावर ठेवला, आकडा शून्य करून घेतला आणि चॉपस्टिक धरली. काटा चालू होताना बीप करतो, म्हणून ते काम तो खोलीत यायच्या आधीच उरकलं होतं. तो आला, बसला, राळं खाल्लं. ६३. मी आणि बायको एकमेकांकडे बघत काही न बोलता उभे होतो, कारण ओरडलो असतो तर तो उडाला असता.

पुढचे आकडे ६३, ६२, ६२. त्या आठवड्यात ऑफिसातल्या मीटिंगमध्ये माझं लक्ष नव्हतं हे सांगायला हरकत नाही. रोज सकाळी पहिली शी झाल्यावर आणि नाश्त्याआधी वजन करायचं, नाहीतर आकडे तुलनेचे राहत नाहीत. (रात्रभराची ती शी एवढ्याशा पक्ष्याच्या मानाने चांगलीच वजनदार असते.) डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी कोमट, मऊ खाणंही सुरू केलं होतं. दहाव्या दिवशी ६४ दिसले.

दरम्यान फांदीच्या जागी रुंद चपटी पट्टी आली. मग ती काढली आणि थांबलो. एक पाय लाकडावर टेकला की टक्. दोन्ही पाय टेकले की टक्. मग एक सेकंद उभा राहिला तर, मग तीन, मग पाच. एका वेळी दोन-तीन मिनिटंच, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं. एकदा वर खोलीत व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला आणि पुढचे दोन दिवस गाडी परत फांदीवर. चालायचंच, मागच्या चालणाऱ्या व्हर्जनवर जायचं आणि तिथून पुढे.

पाच आठवड्यांनी तो पोळपाटाशिवाय, काट्यावर सतरंजीचा तुकडा टाकला की त्यावर चालत जाऊन उभा राहायला लागला. ६७ ग्रॅम. तोच तुकडा आता प्रवासाच्या पेटीत आणि डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावरही जातो. जागा नवी असली तरी पायाखाली जुनं काहीतरी असतं.

एक सांगायला हवं, सपाट जागा आवडणं आणि कुठल्याही सपाट जागेवर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटा वर्ज्य. गरम तवा तर आहेच, पण नॉनस्टिकचा थर जास्त तापला की त्यातून निघणाऱ्या धुराने पक्षी मिनिटांत मरतो. आमचे नॉनस्टिक तवे घराबाहेर गेले आणि बिडाचा तवा परत आला, डोसे उलट जास्त चांगले होतात. अव्होकाडोही विषारी, म्हणजे ग्वाकामोलेच्या पार्टीत वाटाणा पिंजऱ्यात. जमिनीवर तर कुणाचाही पाय पडू शकतो. म्हणून पोळपाट ही त्याची जागा ठरवली. आम्ही जेवताना "पाटावर बस" म्हटलं की येऊन बसतो. पोळपाटाला पाट म्हणतो, हे त्याच्या मराठीचं नव्हे, आमचं अज्ञान.

"इंडियाला परत गेलात तर याचं काय?" हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि तो रास्त आहे. हा पक्षी नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगू शकतो, आपले व्हिसे तेवढे टिकत नाहीत. साइट्स करारात असल्याने त्याला देशाबाहेर न्यायचं तर परवाने लागतात, इकडचे आणि तिकडचेही. ती फाइल मी आताच उघडून ठेवली आहे. पेटीत शांत उभं राहण्याची वेळ सध्या चाळीस मिनिटांवर पोचली आहे, गाडी चालू असताना मात्र बाराच.