फीची पावती कोणाच्या नावावर?

घटस्फोटानंतर मूल कोणाकडे राहायचं, हे न्यायालय ठरवतं. पण त्याच्या शाळेची फी आयकरात कोणी दाखवायची, यावरून दरवर्षी विवरणपत्र भरायची वेळ आली की जुनं भांडण पुन्हा उकरलं जातं. खरं तर उत्तर साधं आहे.

समजा, आई आर्वीला शिक्षिका आहे आणि वडील पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला. मुलगी शाळेच्या दिवसांत आईकडे, सुट्यांत वडिलांकडे. वर्षाची फी ६० हजार. आईने ४० हजार भरले, वडिलांनी २० हजार. मग वजावट कोणाला? दोघांनाही, ज्याने जेवढे भरले तेवढ्याची. इथे ताबा पाहत नाहीत, पैसे कोणी भरले ते पाहतात. मात्र एकच रक्कम दोघांनी दाखवायची नाही. म्हणून पावती भरणाऱ्याच्या नावाची हवी.

ही वजावट फक्त शिकवण्याच्या फीची. देणगी, विकास निधी, खासगी शिकवणी यांत धरत नाहीत. पाळणाघराचा खर्चही नाही. अमेरिकेत त्यावर करसवलत आहे, आपल्याकडे नाही. मुलासाठी दिलेली पोटगीही देणाऱ्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

मुलीच्या नावे बँकेत ठेव असेल, तर तिचं व्याज आईवडिलांपैकी एकाच्या उत्पन्नात मिळवतात. एरवी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या. पण घटस्फोट झाला असेल, तर त्या वर्षी मुलीचा सांभाळ करणाऱ्याच्या. आपल्या उदाहरणात हे व्याज आईच्या उत्पन्नात धरलं जाईल. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही तत्त्वं कायम आहेत.

आता मुख्य गोष्ट. फीची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. तीही भविष्य निर्वाह निधी, विमा वगैरे सगळं धरून दीड लाखापर्यंतच. पगारातून निधी कापला जाणाऱ्यांची ही मर्यादा बरेचदा आधीच भरलेली असते. नवी पद्धत निवडली, तर ही वजावट नाहीच. पण तिथे नोकरदाराला पगाराचं वार्षिक उत्पन्न पावणेतेरा लाखांपर्यंत असलं, तर करच लागत नाही. म्हणजे ज्या पावतीसाठी दोघे वाद घालतात, तिने अनेकदा एक रुपयाही वाचत नाही!

तेव्हा आधी दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहा. आणि परस्पर संमतीने घटस्फोट घेताना अटींमध्येच लिहा : फी कोण भरणार, किती, ठेवीचा हिशेब कोण ठेवणार. दोन ओळी लिहिल्या, तर मुलीला दरवर्षी आईवडिलांमध्ये पावत्यांची ने-आण करावी लागणार नाही.