आश्विनातील घर आणि दुडदुडणारे मूल

हस्ताचा पाऊस ओसरला की हिरण्यकेशीकाठच्या आपल्या या परिसराचे रूप पालटू लागते. सोयाबीनची मळणी सुरू होते, भुईमुगाच्या ओल्या शेंगा अंगणात वाळत पडतात, घरोघरी घट बसतात. मोठ्या मुलांना दसऱ्याच्या सुटीचे वेध लागलेले असतात. या साऱ्या धांदलीत दीड ते तीन वर्षांचे मूल मात्र कोणाच्या ना कोणाच्या पायात येते. ते पायात येऊ नये म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो आणि घर काही काळ शांत होते. ही शांतता बालकाच्या दृष्टीने फार महागात पडते, असे आम्हा वैद्यकीय व्यावसायिकांना वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक वर्षाच्या बालकाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा फार तर एक तास आहे, आणि तीही जितकी कमी तितकी चांगली. त्याच सूचनांत या वयाच्या मुलाने दिवसभरात किमान तीन तास हालचाल करावी असेही म्हटले आहे. व्यायाम असा यात अभिप्रेत नाही. चालणे, चढणे, ओतणे, उचलून ठेवणे हे सारे त्यात आले. आश्विनातील आपल्या घरात याला काय तोटा?

घटस्थापनेचेच पाहू. शेतातली माती चाळून आणली जाते, तिच्यात धान्य पेरले जाते. त्याच वेळी एका करवंटीत मूठभर माती घालून बालकाचा स्वतंत्र घट मांडावा. दोन वर्षांच्या आतील मुलाने माती थापटावी आणि लहान पेल्याने पाणी घालावे. धान्य मोठ्यांनी पेरावे. पेल्यातले पाणी न सांडता नेमके करवंटीत ओतणे ही या वयात मोठीच कसरत असते. डोळा आणि हात यांचा मेळ त्यातूनच बसतो. पाणी सांडले तर सांडू द्यावे. गव्हाला तीन-चार दिवसांत कोंब येतात. देवघराच्या मंद उजेडातले अंकुर पिवळसर राहतात आणि खिडकीतल्या करवंटीतले हिरवे होतात. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवावेत. प्रकाशाचे कारण त्याला उमगणार नाही, परंतु ‘हा पिवळा, तो हिरवा’ एवढे ते आपण होऊन सांगू लागते. खेळ संपल्यावर साबणाने हात धुणे हाही खेळाचाच भाग समजावा.

आपल्याकडे हादगा खेळला जातो. मोठ्या मुली फेर धरतात तेव्हा लहानग्याला त्यात हाताशी धरून न्यावे. फेरातली पावले, थांबणे, वळणे यांनी तोल सावरण्याचा सराव होतो. पण लहान मुलांच्या दृष्टीने हादग्यातील खरी मौज खिरापतीत आहे. झाकलेला डबा हलवून, वाजवून आत काय आहे ते ओळखायचे, ही कल्पना ज्या कोणाला सुचली ती व्यक्ती बालमानसाची मोठी जाणकार असली पाहिजे! झाकलेली वस्तू दिसत नसली तरी असते, ही जाण बालकाला नुकतीच आलेली असते. म्हणून हा खेळ त्याला पुन्हा पुन्हा हवा असतो. घरी रोजच्या डब्यांतही तो खेळता येतो. वास घेऊ द्यावा, चाखू द्यावे आणि गोड, आंबट, खारट हे शब्द त्या त्या चवीबरोबरच उच्चारावेत.

दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडूची रास पडते. तिच्यातली चार-दोन फुले मुलापुढे ठेवली की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एकेक पाकळी धरून ओढण्यात ते रंगून जाते. पुढे लेखणी धरणारी बोटे येथेच तयार होत असतात. पिवळ्या पाकळ्या एका ताटलीत, केशरी दुसऱ्या ताटलीत, हे मात्र तिसऱ्या वर्षाकडे झुकलेल्या मुलासाठी. दिवाळीत किल्ला बांधताना वल्लभगडाची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा हट्ट मोठ्या भावंडांनी जरूर धरावा; धाकट्याला बाजूला चिखलाचा एक गोळा द्यावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरातील बिया, पाने, शिंपले, दगड यांचाच उपयोग केला होता. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी हे कार्य पुढे चालविले.

आपल्या सीमाभागातील एक शंका येथे घेणे अगत्याचे आहे. घरात मराठी आणि शेजारी कन्नड, यामुळे मूल उशिरा बोलते, असा समज दृढ आहे. त्यात तथ्य नाही. शीगी हुण्णिमेला शेतावर गेलेले मूल ‘फूल’ आणि ‘हूवु’ हे दोन्ही शब्द उचलते, आणि शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजावयाचे असतात. उलट, दोन भाषांना दोष देत बसल्याने खऱ्या दोषाचे निदान लांबते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाही, अथवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडीत नाही, अशा मुलाची श्रवणचाचणी व तपासणी विनाविलंब व्हावी.

आता सावधगिरीचे बोलणे. या दिवसांत सर्वांत मोठा धोका अंगणातल्या शेंगांचा. शेंगा फोडणे हा मुलांचा आवडता उद्योग, पण चार-पाच वर्षांखालील मुलाला अखंड शेंगदाणा, फुटाणा देऊ नये. कूट करून द्यावा. दाढा नीट आलेल्या नसतात, आणि हसता-रडता दाणा श्वासनलिकेत जातो. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून खांद्याच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. तेवढ्याने न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा आणि आळीपाळीने हेच करीत मदत बोलवावी. न दिसणारी वस्तू काढण्यासाठी घशात बोट घालू नये, ती अधिक आत जाते. ठसका लागून थांबला आणि नंतर खोकला किंवा एका बाजूची घरघर टिकून राहिली, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत राहू नये. शेंगदाणा त्यात दिसत नाही. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास आत मणी वा बी अडकली आहे असे समजून तपासावे.

दुसरा धोका नवा आहे. विजेवर चालणाऱ्या पणत्यांमध्ये बटणाएवढा चपटा सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतच तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये, शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये, आणि दुर्बिणीने तो काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयाकडे त्याच क्षणी निघावे. पणती विकत घेतानाच तिच्या तळाचे झाकण स्क्रूने बंद होते की नखाने उघडते, ते पाहून घ्यावे.