कपाळावरची चार बोटं

आत्याचा एक फोटो आमच्या घरी आहे. पोस्टकार्डाएवढा, कडा नागमोडी कापलेल्या, मागे पेन्सिलीनं ‘सांगली, १९६२’ असं लिहिलेलं. फोटोत आत्या सतरा वर्षांची आहे. जाड वेणी खांद्यावरून मुद्दाम पुढे घेतलेली, वेणीच्या टोकाला रिबीन, कानात मोत्यांच्या कुड्या. आणि कपाळावर, भुवयांच्या जेमतेम वर, सरळ रेषेत कापलेल्या केसांची झालर. चार बोटं रुंद असेल नसेल. आजीच्या भाषेत त्या झिपऱ्या होत्या. आत्या आणि तिच्या मैत्रिणींच्या भाषेत तो साधना कट होता.

गेलं वर्षभर मी या चार बोटं केसांच्या मागे लागले आहे. जुने सिनेमे पुन्हा पाहिले, नातेवाइकांचे अल्बम चाळले, सत्तरी-ऐंशीच्या बायकांशी तासन् तास बोलले. साठच्या दशकाच्या केशभूषेचा विषय निघाला की सगळे डोक्यावर रचलेल्या उंच फुग्यांबद्दल बोलतात. मला मात्र दिवसेंदिवस असं वाटायला लागलं की त्या दशकाची खरी गोष्ट मागच्या फुग्यात नाही, ती पुढच्या झालरीत आहे.

साधना शिवदासानी १९४१ साली कराचीत जन्मली. फाळणीनंतर सिंधी कुटुंबांचे लोंढे मुंबईकडे आले, त्यातलंच हे एक. साधना बोस या नर्तिकेवरून तिचं नाव ठेवलेलं. ‘श्री ४२०’च्या एका समूहगीतात ती मागच्या मुलींत दिसते, मग ‘अबाना’ या सिंधी चित्रपटात तिला छोटी भूमिका मिळाली. तिथून ती शशधर मुखर्जींच्या ‘फिल्मालय’मध्ये पोचली. १९६०च्या ‘लव्ह इन सिमला’साठी तिची निवड झाली, नायक जॉय मुखर्जीही नवा, दिग्दर्शक आर. के. नय्यर. कॅमेऱ्यासमोर अडचण आली ती तिच्या कपाळाची. कपाळ रुंद होतं आणि दिव्यांच्या प्रकाशात आणखी रुंद दिसायचं. साधनाने पुढे मुलाखतींत सांगितलं होतं की आधी केसांच्या रेषेवर पट्टी चिकटवून पाहिली, ती काही जमली नाही. मग नय्यरना ऑड्री हेपबर्न आणि तिच्या कपाळावरची झालर आठवली.

१९५३च्या ‘रोमन हॉलिडे’त हेपबर्नची राजकन्या रोममध्ये एका न्हाव्याच्या दुकानात शिरते आणि कमरेपर्यंतचे नव्हे, पण चांगले लांब केस कापून टाकायला सांगते. न्हाव्याचा हात अडखळतो, तो पुन्हा पुन्हा विचारतो, ती ठाम राहते. राजवाड्यातल्या दिनक्रमातून एका दिवसापुरती सुटलेली मुलगी आधी कशावर हक्क सांगते, तर स्वतःच्या केसांवर. तो प्रसंग मी परवा चौथ्यांदा पाहिला, तेव्हा कुठे लक्षात आलं की न्हाव्यापेक्षा तिचा चेहरा जास्त शांत आहे.

एक योगायोग इथेच सांगते. त्या चित्रपटाचा नायक ग्रेगरी पेक. आपल्याकडे देव आनंदची तुलना त्याच्याशी व्हायची आणि देव आनंदच्या कपाळावरचा कोंबडा काढायला गावोगावच्या पोरांनी आरशासमोर तास घालवले. १९६१च्या ‘हम दोनो’त तो कोंबडा आणि साधनाची झालर एकाच चौकटीत आली. रोमच्या त्या गोष्टीतली दोन्ही डोकी जणू मुंबईत पुन्हा भेटली. पुरुषांच्या केसांवर स्वतंत्र लेख होईल, तो कुणीतरी जरूर लिहावा.

हेपबर्नची झालर आखूड, कपाळाच्या मध्यावरच थांबणारी होती, साधनाची भुवयांपर्यंत उतरली. पण मोठा फरक मागे होता. राजकन्येनं सगळेच केस कापले होते. साधनानं फक्त पुढचे कापले, मागचा केशसंभार तसाच ठेवला. तिची वेणी शाबूत, अंबाडा शाबूत, गजरा माळायला जागा शाबूत. माझ्या मते साधना कट खेड्यापाड्यांत पोचला तो या एका तडजोडीमुळे. बॉबकट त्याआधीही होता. तिसच्या दशकापासून मुंबईतल्या उच्चभ्रू घरांत आणि सिनेमातल्या काही नट्यांत तो दिसे, पण आमच्यासारख्या घरांत त्याला शिरकाव नव्हता. साधना कट शिरला, कारण त्यानं वेणी मागितली नाही.

‘लव्ह इन सिमला’च्या कथेतच हा बदल आहे. चष्मा लावणारी, साधीसुधी, घरात कुणाच्या खिजगणतीत नसलेली सोनिया जिद्दीनं स्वतःचं रूप बदलते. तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या आजीच्या भूमिकेत दुर्गा खोटे आहेत आणि काकूच्या भूमिकेत शोभना समर्थ. हे मला फार मोलाचं वाटतं. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त काम करून प्रतिष्ठित घरातल्या बाईनं सिनेमात जावं का, या वादाला ज्यांनी तोंड दिलं, त्या दुर्गाबाई इथे नातीच्या नव्या रूपाची बाजू घेतात.

प्रत्यक्ष घरातल्या आज्या मात्र बाजू घेत नव्हत्या. त्याचं कारण समजून घ्यायला केसांचा आपला इतिहास थोडा उकरावा लागतो. महाराष्ट्रात, विशेषतः ब्राह्मण घरांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या इतर काही घरांत, बाईच्या डोक्याला लोखंड लागायचं ते एकाच प्रसंगी. नवरा गेल्यावर. केशवपन करून, आलवण नेसवून तिला माजघरात बसवायचं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र केलं आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. ज्यांचं पोट त्या कामावर होतं त्यांनीच हत्यार खाली ठेवलं, याचा अभिमान आपण आजही पुरेसा बाळगत नाही. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी वाचकांपुढे येत होती. त्यातल्या यमूचं केशवपन वाचून माझी आजी रडल्याचं आत्या सांगते.

म्हणूनच ‘लव्ह इन सिमला’ लागला तेव्हा या घरांत कात्रीची भीती काही पुराणकाळातली नव्हती. आमच्याच घरात १९६२ साली आजोबांची मावशी होती. बाराव्या वर्षी विधवा झालेली, आलवणातली, पदर कपाळापर्यंत ओढलेली. आत्यानं साधनाचा ‘असली नकली’ पाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी, आजी वामकुक्षी घेत असताना, शिवणाच्या कात्रीनं आपले पुढचे केस कापले. आजी उठली आणि पाहून कपाळाला हात लावून बसली. तिचा पहिला प्रश्न होता, “अगं, कपाळच झाकलंस तर कुंकू लावायचं कुठं?” मावशीआजी माजघराच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं आत्याला विचारलं, “तुझ्या हातानं कापलेस?” आत्या हो म्हणाली. “मग असू दे,” म्हणाली आणि आत गेली.

आत्या हे आता ऐंशीच्या घरात सांगते, तेव्हाही ‘मग असू दे’पाशी तिचा आवाज खाली येतो.

कुंकवाचा प्रश्न आजीच्या दृष्टीनं खरा होता. कपाळ ही सौभाग्याची जागा. झालर कपाळावर आली तशी कुंकवाची जागा खाली सरकली, दोन भुवयांच्या मधोमध. रुपयाएवढं ठसठशीत कुंकू तिथे मावेना. गंधाच्या बाटलीतल्या काडीनं काढलेली बारीक, उभट टिकली मावे. त्या दशकातले मुलींचे फोटो ओळीनं मांडले तर झालर खाली आणि टिकली बारीक, हे दोन्ही बदल हातात हात घालून आलेले दिसतात.

हा कट कापायचा कसा, हे मी आत्याकडून आणि तिच्या दोन मैत्रिणींकडून समजून घेतलं. दोन्ही भुवयांच्या बाहेरच्या टोकांच्या रेषेत बोटं ठेवायची आणि तिथून टाळूकडे जाणारा त्रिकोण वेगळा काढायचा. बाकीचे केस मागे बांधून टाकायचे. त्रिकोणातले केस ओले करून बारीक दातांच्या फणीनं सरळ खाली विंचरायचे आणि कापताना बोटभर लांब ठेवायचे. इथेच निम्म्या मुली फसायच्या. पाण्यानं केसातले बंध सैल होतात आणि केस ताणला जातो, वाळला की आखडतो. ओल्या केसांवर भुवयांच्या मापानं कात्री चालवली की वाळल्यावर झालर कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते आणि मग महिनाभर रुमाल बांधून हिंडायची पाळी येते. दुसरी अडचण तेलाची. रोज खोबरेल तेल चोपडायची रीत, त्यामुळे झालर सुटी राहायची नाही, तिच्या दोऱ्या व्हायच्या. मुली आईची नजर चुकवून पुढचे केस कोरडे ठेवायला शिकल्या. कुरळ्या केसांच्या मुलींचं तर दुःख निराळंच, त्या ओला पंचा कपाळावर घट्ट बांधून झोपायच्या.

आणि आकडे. दोन काळे आकडे परकराच्या नाडीत खोचून ठेवलेले असत. घरातून निघताना झालर आकड्यांनी मागे बसवायची, कोपऱ्यावरचा पिंपळ ओलांडला की आकडे काढायचे. संध्याकाळी परतताना त्याच पिंपळापाशी पुन्हा लावायचे. इतक्या सहज झाकता येणारी दुसरी कुठली फॅशन त्या काळात होती, मला आठवत नाही.

त्याच १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट या केशरचनाकार बाईंनी एका व्यावसायिक मासिकासाठी ‘बीहाइव्ह’, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच रचना केली आणि ती जगभर पसरली. आपल्या पडद्यावर सायरा बानू, आशा पारेख, शर्मिला टागोर यांच्या डोक्यांवर हे मनोरे चढत गेले. ‘अॅन इव्हनिंग इन पॅरिस’पर्यंत, म्हणजे १९६७पर्यंत, ते ऐन भरात होते. उलटा कंगवा मारून केस आतून गुंतवायचे, वरून एक थर गुळगुळीत बसवायचा, आत गंगावन किंवा जुन्या केसांचा गुंडा भरायचा, वरून फवारा. लग्नकार्यापुरतं ते हौसेनं व्हायचं. रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तो खटाटोप परवडणारा नव्हता. झालरीला कात्री आणि फणी पुरे होती.

साधनाही पुढे उंच केसांकडे वळली. १९६५च्या ‘वक्त’मध्ये तिच्या अंगासरशा कुडत्यानं आणि चुडीदारानं नवीच लाट आणली. ती वेशभूषा भानू अथय्या यांची, आपल्या कोल्हापूरच्या, पुढे ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवणाऱ्या. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘मेरा साया’ची कथाही मराठीतूनच गेलेली, राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’वरून. मात्र साधना निव्वळ झालरीवर तगलेली नटी होती, असं कुणी म्हणू नये. ‘लव्ह इन सिमला’च्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘परख’मध्ये ती खेड्यातल्या पोस्टमास्तरची मुलगी झाली, कपाळ मोकळं, केस साधे मागे नेलेले. ज्या कपाळाची कॅमेऱ्याला अडचण वाटली होती, तेच कपाळ घेऊन तिनं तिच्या कारकिर्दीतलं एक सर्वांत हळवं काम केलं. मला ती ‘परख’मध्येच सर्वांत सुंदर वाटते.

आजचे चित्रपट साठ-सत्तरचं दशक दाखवतात तेव्हा काय करतात? ‘ओम शांती ओम’ घ्या, ‘द आर्चीज’ घ्या. उंच फुगे, डोळ्यांत काजळाची लांब रेघ, ठिपक्यांचे कपडे. देखणं असतं, कष्टही दिसतात. पण केस इतके चकचकीत आणि जागच्या जागी असतात की त्यांच्याखाली घाम येणारं, तेल लावणारं, आईला घाबरणारं डोकं आहे असं वाटतच नाही. पिंपळापाशी आकडे काढणारी मुलगी मला अजून पडद्यावर कुणी दाखवलेली नाही. मराठी दिग्दर्शकांनी ती दाखवावी, तो आपलाच ऐवज आहे.

सत्तरच्या दशकात झालर मोठ्या मुलींच्या कपाळावरून उतरली आणि लहान मुलींच्या कपाळावर गेली. माझे केस पहिल्यांदा कापले तेव्हा गल्लीतल्या कटिंगच्या दुकानात खुर्चीवर आडवी फळी टाकून मला बसवलं होतं. वडिलांना विचारलं गेलं, “बॉबकट की साधना कट?” त्या वयात साधना ही कुणी बाई आहे हे मला ठाऊक नव्हतं. कटाचंच ते नाव. पुढे बॉयकट आला, मशरूम कट आला, यू कट आणि स्टेप कट आले. पण नटीच्या नावानं गल्लीच्या दुकानात इतकी वर्षं टिकलेला कट हाच.

स्वतः साधनाला थायरॉईडच्या आजारानं गाठलं, उपचारांसाठी तिला बोस्टनला जावं लागलं. १९६६ साली तिनं नय्यर यांच्याशीच लग्न केलं होतं. १९७४चा ‘गीता मेरा नाम’ तिनं स्वतः दिग्दर्शित केला. नंतर ती पडद्यापासून आणि छायाचित्रांपासूनही दूर राहिली. २०१४ साली एका मदतकार्यासाठी ती रणबीर कपूरबरोबर मंचावर चालली, ते तिचं शेवटच्या काळातलं एक दुर्मीळ जाहीर दर्शन. २५ डिसेंबर २०१५ रोजी ती मुंबईत गेली.

वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीत माळ्यावरचे अल्बम खाली निघतील. कपाळावर झालर असलेली एखादी आत्या, मावशी, आजी त्यात सापडेल. ती हयात असेल तर तिला विचारा, कात्री कुणी चालवली आणि घरात कोण काय म्हणालं. ती जे सांगेल ते तारखेसह फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा. शाई पुढच्या बाजूला उमटते, पेन्सिल उमटत नाही.